एकदाच दिलेला नकार

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या तळावर हेमांगी दातार पहिल्याच दिवशी अर्धपोटी राहिली.

कोठारात दोघांना वर्षभर पुरून उरेल इतकं अन्न होतं. तिचा एकुलता एक सहकारी, फिनलंडचा भूगर्भशास्त्रज्ञ एरो लेहतोनेन, यानं तिच्या स्वागतासाठी स्वतः राय या धान्याची भाकरी आणि माशाचं कालवण केलं होतं. पहिलं वाढप संपल्यावर त्यानं इंग्रजीत विचारलं, "आणखी घेणार?"

"नको, नको, पुरे," हेमांगी म्हणाली, आणि मिरजेत वाढलेल्या कुठल्याही माणसाप्रमाणे दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत बसली. एरोनं शांतपणे भांड्याला झाकण लावलं आणि ते शीतकपाटात ठेवून दिलं. माणूस आहे की धोंडा, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं भाजणीची थालिपिठं लावली. एरो दोन खाऊन "नको" म्हणाला, तर तिनं तिसरं त्याच्या ताटात टाकलं. त्यानं ते मुकाट्यानं संपवलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नाही. आपण नाही म्हटलेलं हिला खरं वाटत नाही, म्हणजे ही आपल्याला खोटारडा समजते, असा त्या बिचाऱ्याचा समज झाला होता.

हेमांगीनं पुण्याच्या प्रयोगशाळेशी संपर्क साधला. तिचे गुरू डॉ. फणसळकर पडद्यावर आले. ज्या यंत्राची चाचणी घ्यायला ती चंद्रावर आली होती, ते तिनं आणि त्यांनी मिळून घडवलेलं होतं.

"सर, भाषेचा प्रश्नच नाही हो. आम्ही दोघंही उत्तम इंग्रजी बोलतो. तरी मी उपाशी आणि तो रुसलेला."

फणसळकर पोट धरून हसले. "अगं, म्हणून तर तुला धाडलंय. त्याच्याकडे माणसाचा शब्द म्हणजे शब्द. नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर शंका घेणं. आपल्याकडे पहिल्या नकारावर थांबणं म्हणजे कंजूषपणा. दोघंही आपापल्या जागी सभ्य, आणि दोघंही एकमेकांना अडाणी वाटणार. आता आशयक सुरू करा."

आशयक म्हणजे कानात बसवायचं वाटाण्याएवढं यंत्र. ते नुसत्या शब्दांचं भाषांतर करत नसे. बोलणारा ज्या घरात, ज्या गावात वाढला तिथल्या रीतिभातींचा एक संस्कारनकाशा त्याच्यापाशी असे. हा नकाशा आणि बोलणाऱ्याचा स्वर, श्वास, नाडी यांची सांगड घालून ते खरा आशय शोधून काढी, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या भाषेत, त्याला समजेल अशा वळणानं सांगे.

"पण माणसाचं वळण बदललं तर?" हेमांगीनं विचारलं.

"नकाशा रोज सुधारला जातो. तू बदललीस की तोही बदलेल. यंत्राची काळजी करू नकोस."

यंत्र खरोखरच नामी निघालं. हेमांगी मराठीत बोले, एरो फिनिशमध्ये, आणि गैरसमजाला जागाच उरली नाही. ती "नको" म्हणाली की एरोच्या कानात येई, "हवं आहे, पण आणखी एकदा विचार." तो तासन्‌तास गप्प बसला की तिच्या कानात येई, "राग नाही. त्याला तुझ्या सोबतीत बरं वाटतं आहे." या दुसऱ्या वाक्यानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिरजेच्या घरी कुणी असं गप्प बसलं की बाकीचे त्याची मनधरणी करू लागत.

हळूहळू एरोला यंत्रापलीकडचं कुतूहल वाटू लागलं. तो खोदून खोदून विचारी.

"पाहुणा 'आत्ताच जेवून आलो' म्हणाला, तर तुम्ही काय करता?"

"पान वाढतो."

"पण तो जेवलेला आहे."

"नसतो रे! भिडेपोटी म्हणतो तसं. आपल्यामुळे कुणाला तोशीस नको म्हणून."

"आणि तुम्ही आग्रह केल्यावर तो काहीच बोलला नाही तर?"

"मग तर वाढायचंच. मौन म्हणजे संमती."

एरोनं हे सगळं मनापासून घोटलं. यंत्र काढून ठेवून तो मोडक्यातोडक्या मराठीत "घे गं, लाजू नकोस" म्हणायला शिकला. न मागता द्यायचं असतं, ही कल्पना त्याला फार आवडली होती. आपल्या देशात कितीतरी म्हातारी माणसं नुसती नाही म्हणाली म्हणून एकटी राहिली असतील, असं तो एकदा म्हणाला.

हेमांगीला मात्र एरोची रीत भावली. एकदा बोलायचं, खरं बोलायचं आणि विषय संपवायचा. केवढी सुटका होती त्यात! आईनं मिरजेहून विचारलं, "दिवाळीला येशील ना गं?" तेव्हा ती "नाही, आई" एवढंच म्हणाली. ना सबबी, ना "बघते, जमवते". आई दुखावली. हेमांगीला वाईट वाटलं, पण थोडा अभिमानही वाटला. आता ती जेवताना "नको" म्हणे ते पोट भरल्यावरच. आशयकानं तिचा नकाशा केव्हाच बदलून घेतला होता. एरो तरीही तिच्या ताटात आणखी एक घास वाढी, आणि ती हसून खाई. त्याचा विरस कशाला करायचा, असं तिला वाटे. तिनं त्याला तेव्हाच अडवायला हवं होतं.

मग तो दिवस आला. बर्फाचे नमुने आणायला हेमांगी एकटी चंद्रगाडी घेऊन गेली आणि एका खोल विवराच्या तळाशी गाडीचं चाक अडकलं. त्याच सुमारास पृथ्वीवरून इशारा आला, की सौरवादळ येत आहे. हेमांगीनं शांतपणे हिशेब मांडला. विवराच्या उंच कड्याआड ती सुरक्षित होती. प्राणवायू भरपूर होता. वादळ ओसरल्यावर शेजारच्या तळावरची मदतगाडी आरामात पोचली असती. धोका होता तो मधल्या उघड्या मैदानात.

"मी निघतो," एरोचा आवाज आला.

"नको. येऊ नकोस. माझ्याकडे प्राणवायू पुरेसा आहे," ती म्हणाली. उबेसाठी वीज वाचवायला हवी होती, म्हणून तिनं संपर्कयंत्रच बंद केलं. सांगायचं ते सांगून झालं होतं.

वादळानंतर मदतगाडीनं तिला सुखरूप बाहेर काढलं. परतताना मैदानात एरोची गाडी उभी दिसली. सौरकणांच्या माऱ्यानं तिची नियंत्रणयंत्रणा जळली होती. त्याच्याजवळचा प्राणवायू संपून गेला होता.

चौकशी पुण्यात झाली. आशयक आता अनेक तळांवर वापरला जात होता, आणि सगळ्यांचा संशय एकच होता: यंत्रानं हेमांगीचं "नको" जुन्या नकाशाप्रमाणे "ये" असं करून सांगितलं असणार. एरोच्या आशयकातली ध्वनिनोंद उघडण्याआधी फणसळकर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "दोष यंत्राचा निघाला तर माझ्या अंगावर घेतो मी. म्हातारा झालोय, काय बिघडतंय? तू जिवाला लावून घेऊ नकोस."

दोष यंत्राचाच निघावा, अशी हेमांगी मनोमन प्रार्थना करत होती. आपल्या आयुष्याचं काम धुळीला मिळालेलं तिला चाललं असतं. एरो आपल्यामुळे गेला नाही, एवढंच तिला ऐकायचं होतं.

ध्वनिनोंद सुरू झाली. आशयकाचा स्वर स्वच्छ होता: "येऊ नकोस. हे ती मनापासून सांगते आहे. तिच्याकडे प्राणवायू खरोखर पुरेसा आहे."

मग एरोनं तिला पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. आणखी एकदा मारली. उत्तर नाही.

"नकार खरा आहे," आशयक म्हणाला.

त्यावर एरोचं हसू ऐकू आलं. तो यंत्राशी बोलत होता. "तुला तिच्या नाडीचं गणित येतं, बाबा. मी तिच्या हातचं जेवलोय. ही माणसं स्वतःसाठी कधी मागत नाहीत. पुरेसा आहे म्हणते, म्हणजे जेवून आले म्हणते ती! आणि आता तर गप्पच बसली आहे." मागोमाग दार बंद झाल्याचा आवाज आला.

फणसळकरांनी मान खाली घातली. यंत्र निर्दोष होतं. एरो शिकून शिकून मराठी झाला होता, आणि हेमांगी फिनिश. दोघं एकमेकांच्या घरी गेली होती, आणि दोन्ही घरं रिकामी होती.

हेमांगीला आपली आई आठवली. आई त्या विवरात असती तर? ती ओरडली असती. रडली असती. "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, पाऊल टाकशील तर माझं मेलेलं तोंड बघशील," असं दहादा म्हणाली असती. संपर्कयंत्राची वीज संपेपर्यंत बोलत राहिली असती. आणि तो थांबला असता. कारण शपथेनंतर आग्रह करायचा नसतो, हेही हेमांगीनंच त्याला सांगितलं होतं.

चौकशी संपल्यावर एरोच्या आईनं तिच्याशी बोलायची इच्छा दाखवली. पडद्यावर ताठ बसलेली, पांढऱ्या केसांची एक बाई दिसली. मग आशयकातून तिचा प्रश्न आला.

"तू त्याला येऊ नकोस म्हणाली होतीस?"

"हो."

"किती वेळा?"

"एकदा."

म्हातारीनं सावकाश मान हलवली. तिचा चेहरा पहिल्यांदाच मऊ झाला. "मग तुझा काही दोष नाही, मुली. एकदा पुरतं."

ती हे शिष्टाचार म्हणून बोलत नव्हती. आशयकानं तशी ग्वाही दिली. तिनं अगदी मनापासून क्षमा केली होती.

हेमांगीनं पदराचं टोक तोंडावर दाबलं. "आमच्यात नाही पुरत हो, काकू," ती म्हणाली. "आमच्यात नाही पुरत."