कोऱ्या उंदरांची साक्ष

शरयू गानूंनी दहापैकी दहा प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली आणि काचेपलीकडे उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीला, डॉ. केतकीला, रडू आवरेना. एकवीस दिवसांपूर्वी याच खुर्चीत बसून आईने तिला विचारलं होतं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" आज आईने तारीख सांगितली, शंभरातून सात-सात वजा करत शेवटपर्यंत गेली आणि काचेकडे बोट दाखवून म्हणाली, "ती माझी केतू. रडतेय बघा वेडी."

मिरजेजवळच्या माळावरच्या या पेशी-नवीकरण केंद्रात केतकीने अकरा वर्षं घालवली होती ती याच दिवसासाठी. कल्पना तशी सोपी होती. काही पेशी विभागताना वाटणी सारखी करत नाहीत. साधं यीस्टसुद्धा आपला सगळा गाळ स्वतःजवळ ठेवतं आणि लेकीला स्वच्छ संसार थाटून देतं. मेंदूतली चेतापेशी मात्र जन्मभर विभागतच नाही. तिच्यात गाळ साठत जातो आणि माणूस विसरत जातो. केतकीने तिला एकदाच विभागायला लावलं. 'वाटप्या' नावाचं तिने घडवलेलं प्रथिन सगळा गाळ एका पेशीत ढकलत असे. मग ती जुनी पेशी औषधाने निजवायची. दुसरी, नवी पेशी जुनीचे सगळे धागे हाती घेऊन कामाला लागे. तीन आठवड्यांनी निजलेल्या पेशी विरघळवून मणक्यातून धुऊन काढायच्या. धुण्याआधी जुन्या पेशी जाग्या करून नव्या निजवता येत, धुण्यानंतर परतीची वाट नाही.

शरयूबाईंचं धुणं दुपारी तीनला ठरलं होतं.

सकाळी दहाला मायलेकी केंद्राच्या बागेत बसल्या. आई किती टवटवीत दिसत होती! केतकीला तिचा हात सोडवेना.

"तुझा चौथीतला बक्षीस समारंभ आठवतो का गं?" आई म्हणाली. "मी पिवळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. तुझं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळी मी वाजवली." बोलताना तिचे डोळे भरून आले होते.

केतकीच्या पायाखालची वाळू सरकली. त्या समारंभाला आई आलीच नव्हती. तिची टेलिफोन खात्यात पाळी होती, आणि केतकी शाळेच्या फाटकाशी सहा वाजेपर्यंत वाट पाहत राहिली होती. पिवळी साडी आणि पहिली रांग फक्त एकाच ठिकाणी होती: ओळखवहीत. विसरणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी घरच्यांनी फोटो आणि आठवणी लिहून वही करायची, अशी केंद्राची पद्धत होती. आईच्या वहीत एका संध्याकाळी, आईला तरी काय कळणार आहे म्हणून, केतकीने ती एक ओळ आपल्या मनाची लिहिली होती.

"आलेच मी," म्हणत ती उठली आणि थेट तळमजल्यावरच्या उंदीरखान्यात गेली. तिचे सहकारी डॉ. हणमंत इंगवले तिथे पिंजरे तपासत होते.

"इंगवले, आठवण पेशीत कशाने टिकते?"

"हे मला विचारता व्हय, मॅडम? बाकीची प्रथिनं चार दिवसांत झिजत्यात. आठवणीच्या प्रथिनांची गाठ होती, अन् ती गाठ वर्षानुवर्षं ऱ्हाती."

"आणि वाटप्या गाळ कशावरून ओळखतो?"

"जुनी गाठ दिसली की ढकल तिकडं..." इंगवल्यांचा हात पिंजऱ्यावरच थांबला. "पर आई तर बोलतात, पाढे म्हणतात."

"ते धाग्यांच्या जाळ्यात मुरलेलं आहे, ते उरलं. गेलं ते आयुष्यात घडलेलं सगळं."

"आसं कसं? उंदरांची परीक्षा घेतली की आपण. चारशे बारा उंदीर पास झालं."

"उपचारानंतर शिकवलेली वाट त्यांना आठवली. आधी शिकलेली आठवते का, हे कधी तपासलं?"

"आधी शिकल्याला उंदीर आपण घेतच न्हाई. कोराच घेतो. शिकल्याल्यानं निकाल बिघडतो म्हणून तुम्हीच नियम केला."

शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण या शहाण्यांनी शीतच भलत्या पातेल्यातलं उचललं होतं. त्या चारशे बारांपैकी एकापाशीही गमवायला आठवण नव्हती.

इंगवले स्टुलावर बसले. "मॅडम, आईंच्या आधी बरी करून घरी धाडल्याली सहा माणसं... ती कोण हायत मग?"

केतकी दोन तास तिथेच विचार करत बसली. जुन्या पेशी जाग्या करून आईला उठवलं, तर आजारही जागा होणार होता. वर्षभरात ती खाणं विसरेल, मग गिळणं. तरीही केतकीला तीच हवी होती, 'बाई, तुम्ही कुणाकडे आलात' म्हणणारी. निश्चय करून ती जिना चढली तेव्हा घड्याळात साडेबारा वाजले होते.

परिचारिका हसतच सामोरी आली. "झालं मॅडम, सगळं छान झालं!"

"काय झालं?"

"धुणं. आई म्हणाल्या, लेकीला टांगणीला कशाला ठेवता, लवकर उरकू या. दहापैकी दहा मिळाल्यावर सही त्यांचीच चालते ना."

शरयूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. केतकीने दार लोटून घेतलं.

"बागेत तुझा चेहरा पाहिला आणि मला कळलं," त्या म्हणाल्या. "वहीतली ती ओळ खरी नव्हती, हो ना?"

"माझी आई आत होती," केतकी म्हणाली. "नुसती निजली होती."

"ठाऊक आहे मला. सहीच्या कागदात सगळं लिहिलंय. तिला उठवलं असतंस, तर मला निजावं लागलं असतं." त्यांनी दोन्ही हातांनी चादर घट्ट धरली. "चुकीचं उत्तर दिलं की तुमचे चेहरे पडायचे. म्हणून सगळी वही पाठ केली. एकवीस दिवसांची आहे गं मी, केतकी. मला मरायची भीती वाटली."

केतकी दाराला पाठ लावून उभी राहिली. ओरडावं की माफी मागावी, तिला समजेना. तो आवाज आईचा होता, ते हात आईचे होते, आणि घाबरलेलं ते माणूस तिनेच जन्माला घातलं होतं.

"बस ना इथे," पलंगावर जागा करून देत शरयूबाई म्हणाल्या. "ती कशी होती, ते आता खरं खरं सांग मला."