जांभळ्या शाईतला पत्ता

लातूरच्या कोर्टात टायपिस्ट बसतात त्या लिंबाखाली दामिनी निव्वळ चहाची वाट पाहत उभी होती. तेवढ्यात एक तरुण तिच्यापुढे येऊन थांबला. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी, डाव्या हातात छापील अर्ज.

"म्याडम, एवढा पत्ता लिहून देता का? हात भाजलाय माझा."

अंगावर काळा कोट दिसला की लोक वाटेल ते काम सांगतात, याची दामिनीला दोन वर्षांत सवय झाली होती. तिनं पेनाचं टोपण काढलं. जांभळी शाई ही तिची हौस. नांदेडहून येताना बाटलीच घेऊन आली होती. त्यावरून सगळं ऑफिस तिची थट्टा करायचं.

"नाव सांगा."

"राजशेखर. मुक्काम रेणापूर, मोंढ्याच्या मागं. करडईच्या तेलाचा घाणा हाय आपला."

ती लिहीत होती आणि तो वाकून पाहत होता. जरा जास्तच वाकून.

"तुमच्या अक्षरात माझा पत्ता लई देखणा दिसून राहिला," तो म्हणाला. "ह्या पत्त्यावर आजवर बिलाशिवाय कायबी आलं न्हाई. एकदा पाकिटावर असंच लिहून टाका की पोस्टात."

"आणि आत काय घालू?"

"ते तुमच्या मनावर…"

दामिनीला हसू आवरेना. ते लपवायला म्हणून तिनं अर्जाचा वरचा भाग वाचला, आणि हसू जागच्या जागी थांबलं. हा दावा त्यांच्याच ऑफिसचा होता! तेलाचं यंत्र विकणाऱ्या कंपनीतर्फे तिच्या सिनियरांनी, अमृतराव वकिलांनी, यंत्राच्या थकलेल्या पैशांसाठी कमर्शियल कोर्टात लावलेला.

"मी समोरच्या पार्टीकडची आहे," ती म्हणाली.

राजशेखरनं डाव्या हातानं अर्ज परत घेतला. "मग तर बरंच झालं. दर तारखेला भेट पक्की."

असा माणूस. त्याच्यावर रागवायचं तरी कसं?

दावा समरी होता, म्हणजे झटपट निकालाचा. असल्या दाव्यात आपली बाजू मांडायचा हक्क आपोआप मिळत नाही. निकालाचं समन्स हातात पडल्यापासून दहा दिवसांत शपथपत्र घालून कोर्टाकडे बचावाची परवानगी मागावी लागते. दहा दिवस चुकले की बोलायची सोयच उरत नाही. राजशेखरला बोलायला पुष्कळ होतं. कंपनीनं जुनंच यंत्र रंगवून नवं म्हणून दिलं होतं, महिन्याभरात त्याची वाफेची नळी फुटली, त्यातच त्याचा हात भाजला. त्याच्या वकिलांनी, नरसिंगरावांनी, त्याला बजावलं होतं, समन्स आलं की तडक माझ्याकडे आण.

मग फोन सुरू झाले. दामिनीनं पहिल्याच दिवशी अट घातली, केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. त्यानं ती इमानदारीनं पाळली. तो करडईच्या फुलांबद्दल बोलायचा, आईच्या सोमवारच्या उपासाबद्दल बोलायचा, कधी नुसताच गप्प राहायचा. त्या गप्प राहण्याचीही दामिनी वाट पाहू लागली.

हे समन्स दावा लावणाऱ्याच्या वकिलाकडूनच पोस्टानं जातं, आणि साध्या पाकिटावर पत्ता घालून ते तयार करायचं काम ज्युनियरचं. तिनं तो पत्ता लिहिला, नेहमीच्या पेनानं. लिहिताना सावकाश लिहिला, एवढं मात्र खरं.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज हळू, लाजल्यासारखा.

"तुमचं पाकीट मिळालं. अक्षर बघूनच वळखलं… सही करताना पोस्टमनबी हसून राहिला होता."

दामिनीच्या हातातली फाईल तशीच राहिली.

"उघडलं?" तिनं विचारलं.

"न्हाई. देवघरात ठिवलंय. तारखेला घेऊन येतो, तुमच्यासमोरच उघडतो."

तारीख पंधरा दिवसांवर होती.

'आत्ता उघडा.' एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण केसबद्दल बोलायचं नाही ही तिचीच अट, आणि समोरच्या पार्टीशी बोलायचं नाही हा अमृतरावांचा दंडक. खरं सांगायचं तर दोन्ही कारणं तिनं नंतर शोधली. त्या घटकेला तिला फक्त बरं वाटलं होतं. आपलं अक्षर कुणीतरी देवापाशी ठेवलंय, याचं इतकं बरं वाटलं की ते मोडवेना. उद्या सांगू, ती स्वतःला म्हणाली. आणि तो उद्या तिनं रोज पुढं ढकलला.

तारखेला राजशेखर इस्त्रीचा शर्ट घालून आला. हाताची पट्टी निघाली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात, तिच्यासमोर, त्यानं पाकिटाची कड हलकेच फाडली. कागद वाचला. पुन्हा वाचला. दामिनीकडे मात्र पाहिलं नाही.

पुकारा झाला. नरसिंगरावांनी कशीबशी मुदत मागितली. विलंबाचं कारण सबळ असेल तर शपथपत्रावर द्या, जेवणाच्या सुट्टीनंतर बघतो, असं न्यायाधीशांनी सांगितलं. म्हणजे दार अजून किलकिलं होतं.

सुट्टीत लिंबाखाली नरसिंगराव पेन उघडून बसले. दामिनी चार पावलांवर उभी होती.

"सांग लवकर, पाकीट का नाही उघडलं?"

राजशेखरनं रिकामं पाकीट खिशात सरकवलं.

"अरे, घाणा जाईल तुझा. काहीतरी कारण असेल ना?"

"कारण न्हाई. पडून राह्यलं घरात. माझी चूक."

खरं कारण लिहिलं असतं तर ते दामिनीच्या नावासकट रेकॉर्डवर आलं असतं. कदाचित तिच्या वकिलीच्या सनदेवरही बेतलं असतं. हे त्याला कळत होतं, आणि त्याला कळतंय हे तिला दिसत होतं. ती पुढे होऊन म्हणू शकली असती, लिहा, माझं नाव लिहा. पण पाय हलले नाहीत. आयुष्यात तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

'कारण सबळ नाही' म्हणून परवानगी नाकारली गेली आणि दाव्याचा निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. अमृतरावांनी तिची पाठ थोपटली.

ती धावतच गेटापर्यंत गेली. तो रेणापूरच्या गाडीकडे निघाला होता.

"राजशेखर… मला सांगता आलं असतं. त्या दिवशी, फोनवर."

"हाव," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "घाणा इकावा लागंल आता. आईला काय सांगावं ते बघतो."

मग रिकामं पाकीट खिशातून काढून त्यानं तिच्या हातात ठेवलं.

"एकच इचारतो. ह्यात त्या कागदाबिगर दुसरं काय नव्हतं ना?"

"नव्हतं," दामिनी म्हणाली.

"मला वाटलं, चुकून खाली पडलं आसंल. दोनदा पाकीट झाडून पाह्यलं मी."