माती वाळेपर्यंत

माझ्या तोंडात कापसाचे दोन बोळे होते आणि अर्धा जबडा बधिर, म्हणून मला ओरडता आलं नाही. नाहीतर ओरडलेच असते. दाताचा डॉक्टर इंजेक्शन चढेपर्यंत खिडकीशी गेला आणि तिथल्या ट्रेमध्ये ग्लासभर पाणी ओतून मोकळा झाला. ट्रेमध्ये निवडुंगाची रोपं होती. वाटाण्याएवढी!

"ऊं! ऊंऊं!" मी हात हलवले.

"दुखतंय?" तो धावत आला.

मी बोळे काढले. "मला काही होत नाहीये. त्यांना होतंय. बुडवताय तुम्ही त्यांना!"

बधिर ओठांमुळे शब्दांचं भलतंच काहीतरी झालं. तो हसला. तोंडावर मास्क होता, म्हणजे हसले ते डोळेच. तेवढ्यावरून मी ठरवलं, माणूस वाईट नाही, नुसता अडाणी आहे.

दाढ भरून झाल्यावर मी ट्रे उचलला. माझी स्वतःची रोपवाटिका आहे. आजारी रोप दिसलं की मला राहवत नाही. बरीच रोपं बुडाशी तपकिरी, मऊ पडली होती.

"बाबांनी लावलीत," तो म्हणाला. "दोन वर्षं एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावत बसले होते, तेव्हा कुठे बी धरलं. मग ताईला बाळ झालं, ते तिकडे गेले. चाळीस रोपं माझ्या भरवशावर ठेवून."

"आता एकोणीसच धड आहेत."

"फोनवर चाळीसच सांगतो," तो हळूच म्हणाला. "दोन महिन्यांनी येणारेत."

मी त्याला तिथेच धडा दिला. वरून पाणी नाही. ट्रेला खाली भोकं आहेत, तो सकाळी पसरट भांड्यातल्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा. माती खालून वर ओली होत आली की काढायचा, निथळू द्यायचा. मग माती वाळेपर्यंत हात लावायचा नाही. ट्रे उचलून बघायचा, हलका लागला की मगच पुन्हा पाणी.

"आणि तोवर?"

"तोवर थांबायचं. जमेल?"

"नाही वाटत," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी फोन. "आज देऊ पाणी?"

"नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही."

"मग उद्या फोन कशाला करू?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणाले.

त्याने केला. परवाही केला. रविवारी ट्रे घेऊन रोपवाटिकेतच यायला लागला. बडबड्या होता. मी म्हटलं, समोरच्याचं तोंड उघडं ठेवून एकट्यानेच बोलायची सवय लागलीय तुम्हाला. तो म्हणाला, "उत्तर देणारं माणूस भेटलं नव्हतं ना…"

एका रविवारी मात्र तो माझ्या ट्रेंपाशी घुटमळला. "ही आमच्यासारखीच दिसतात. एकवीस द्याल? बाबांना कळणार नाही."

"रोपं देईन. खोटं बोलायला देणार नाही."

"ते खचतील हो…"

"ते खचतील की तुम्हाला ओशाळं वाटेल?"

त्याचा चेहरा पडला. ट्रे उचलून निघून गेला.

चार दिवस फोन नाही. मी तीनदा फोन उचलून ठेवला. चूक माझी नव्हती, तरी करमत नव्हतं. माणसाची सवय लागते ती अशी!

पाचव्या दिवशी सकाळी तो दारात. "ट्रे हलका लागतोय. रोपं जराशी सुरकुतलीत. पाणी द्यावं असं मला वाटतं."

"मग द्या की. मला कशाला विचारता?"

"विचारत नाहीये. तुमच्याबरोबर द्यायचंय."

भांड्यात पाणी घेतलं, ट्रे ठेवला. काळसर ओल मातीतून वर चढताना आम्ही दोघं वाकून बघत होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला… कुणीच सरकलं नाही.

"बाबांना काल खरं सांगितलं," तो म्हणाला. "किती उरलीत, एवढंच विचारलं. मग म्हणाले, उरलेल्यांना सांभाळ."

बाबा परतले त्या दुपारी त्याने मला घरी बोलावलं. म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक रोप निरखलं. एकोणीसच्या एकोणीस ताठ, हिरवीगार, इवल्या काट्यांची.

"हे याचं काम नाही," ते म्हणाले.

"त्यांचंच आहे," मी म्हणाले. "मी फक्त हात आवरायला शिकवलं."

"याच्या लहानपणापासून आम्हाला नाही जमलं ते!" ते हसत आत गेले, चहा टाकायला.

चहा पिऊन निघाले तेव्हा तो मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. "म्हणजे आता… रोपं बाबा बघतील. मला तुमच्याकडे यायला काही निमित्त…"

"निमित्त कशाला हवं? मला तू आवडतोस. येत जा."

'तू' ऐकून तो थबकला. मग कानापर्यंत लाल झाला. "हे मी म्हणणार होतो. आठवडाभर तयारी करत होतो!"

"मग म्हण."

"तू मला… फार आवडतेस."

"एवढीच तयारी?"

तो मोठ्याने हसला आणि त्याने माझा हात धरला. आम्ही बस थांब्यापर्यंत चालत गेलो. माझी बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. तिसरीच्या वाहकाने दार धरून विचारलं, "येताय का ताई?"

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले.