हरकतीची खुर्ची

त्या संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा आलेल्या माणसाला बसायला एकच खुर्ची रिकामी होती... आणि नेमकं तिथेच कुणी बसत नसे.

ती होती हरकतीची खुर्ची. वेताची. 'कमीत जगा आणि मिळून ठरवा' अशी सरांची शिकवण. त्यांनीच मंडळ उभं केलं. ठरलेलं ज्याला पटत नसेल त्याने या खुर्चीत बसायचं, की ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचा, हाही त्यांचाच नियम. सर गेले त्याला बरीच वर्षं झाली. मंडळी इतकी एकमताची, की खुर्चीवर आता फक्त पिशव्या बसायच्या!

"दुसऱ्या गावातल्या नव्या शाखेत वेतकाम शिकवायला हिला कायमचं पाठवू या," मावशी सांगत होती. सरांच्या मागे तीच मंडळाचं सगळं बघायची. "कुणाची हरकत?"

'हिला' म्हणजे तिच्या भाचीला. आईवडिलांच्या माघारी मावशीने आणि सगळ्या मंडळाने मिळून वाढवलेली ही मुलगी खुर्च्या विणायची. तिला जायचं नव्हतं. पण मंडळाला नाही म्हणायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. सवयीने तिने मान हलवली.

तेवढ्यात... कर्रर्र! धप्प!

सगळ्यांच्या माना वळल्या. एक उंच, भिजलेला तरुण त्या खुर्चीत कमरेपर्यंत रुतला होता. मांडीवर पिशव्या, पाय वर.

"बोला," मावशी गंभीरपणे म्हणाली. "तुमची हरकत काय?"

"माझी? अहो, मी पाऊस थांबेपर्यंत..." त्याने इकडे तिकडे बघितलं. "खुर्चीबद्दल आहे थोडी."

सभागृह हसून हसून लोळलं. ती तर सगळ्यात जास्त हसली, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. ठराव थांबला होता. या वेंधळ्या माणसाचे आभार मानावेत असं तिला वाटलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी तो तिच्या कामाच्या खोलीत हजर. शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून मंडळाने त्याचं नाव मास्तर ठेवून टाकलं होतं.

"मोडली मी, तर हातभारही मीच लावणार."

"तुम्ही नाही मोडली. कुणी बसलंच नाही, म्हणून वेत सुकला. पकडा हे टोक. घट्ट! अहो, वेत पकडा, माझं बोट नको."

"दिसायला सारखंच आहे," तो म्हणाला. तिने डोळे वटारले, पण हसू काही लपेना.

मग तो रोज येऊ लागला. भिजवलेल्या वेताचा वास, खिडकीवरची पावसाची टपटप, आणि त्याचे प्रश्न.

"तुम्हाला जायचंय?"

"मंडळाला वाटतं, की..."

"मंडळाला नाही विचारलं मी."

तिने वेत जरा जास्तच ओढला. "मी तापाने फणफणले तेव्हा ही माणसं पाळीपाळीने उशाशी बसली होती. त्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू? मास्तर... तुम्हीच बसा ना परत या खुर्चीत. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठी काय वाटेल ते करीन," तो हळूच म्हणाला. "पण आतापर्यंत मंडळ तुमच्या वतीने ठरवत होतं, आता मी ठरवायचं? ते नाही जमणार."

तिला असा राग आला! वेताच्या दोन ओळी तिने तावातावाने विणून काढल्या.

"माझ्या वतीने मात्र एक सांगतो," तो म्हणाला. "तुम्ही मला आवडता. फार. आहे काही हरकत?"

तिचे कान गरम झाले. "आधी... आधी खुर्ची होऊ दे."

बैठकीच्या दिवशी खुर्ची जागेवर आली. एक काका सवयीने पिशवी ठेवायला गेले.

"तिथे नको," मावशी पटकन म्हणाली. आणि तिने भाचीकडे पाहिलं... नुसतं पाहिलं.

ती उठली. सरळ जाऊन खुर्चीत बसली.

"मला जायचं नाही," ती म्हणाली. मागे ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "मला जायचं नाही. आपण मिळून ठरवतो म्हणतो, पण मी ठरवलंच नाही कधी, नुसती मान हलवली. तिकडची माणसं इथे पाठवा, मी मनापासून शिकवीन. माझं घर इथे आहे. तुम्ही सगळे आहात. आणि ही खुर्ची तुम्हीच जपलीत, म्हणून आज बसता आलं... फार उपकार आहेत तुमचे."

मावशीचे डोळे भरून आले. "सर शेवटपर्यंत विचारायचे, आज कुणी बसलं का गं? आणि मी दर वेळी नाही म्हणायचे. आज त्यांना हो म्हणता आलं असतं, पोरी." मग डोळे पुसून ती सभागृहाकडे वळली. "पटलं का हिचं?"

पटलं होतं. सगळ्यांनाच.

"मास्तरांपायी तर राहत नाहीस ना?" काकांनी चिमटा काढलाच.

"मुळीच नाही. हे माझं मी ठरवलं." तिने दाराकडे पाहिलं. मास्तर तिथे भिंतीला टेकून, श्वास रोखून उभा होता. "त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर बाकी आहे अजून."

ती उठली, सगळ्यांच्या देखत चालत दाराशी गेली आणि त्याच्यासमोर थांबली.

"मास्तर, हरकत असली की मी बसते, हे बघितलंत ना आत्ता?"

"बघितलं."

"मग बघा... उभी आहे."