सगळ्यांना दिसलेलं पान

शेजारचा शिंपी त्या दिवशी दुकान बंद करून गेला होता, म्हणून भाच्याच्या कापडी हत्तीची फाटलेली सोंड शिवून घ्यायला एक तरुण तिच्या दुकानात आला. ती मोडकी खेळणी दुरुस्त करायची. टाके घालता घालता सहज म्हणाली, "आमची वेबसाइट सारखी बंद पडते हो!" आणि वेबसाइटी सांभाळणं हाच नेमका त्याचा धंदा. झालं! दोन दिवसांचं काम, पण त्याला महिना लागला. दोघांनी मनावर घेतलं की लागतो.

आज मात्र ते संपणार होतं. उद्यापासून हा कशाला येईल? पण तसं विचारायला तिची जीभ रेटत नव्हती.

"झालं," लॅपटॉपवरून मान वर करत तो म्हणाला. "तुमच्या डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, नेमसर्व्हर बदलले. आता लोकांना ते नव्या होस्टकडे, म्हणजे साइटच्या नव्या जागेकडे पाठवतील."

"लगेच?"

"छे हो! बदल सगळीकडे पोचायला दिवससुद्धा लागतो. तोवर कुणाला जुनं पान दिसेल, कुणाला नवं. तिकडे मी नुसतं चाचणीचं पान ठेवलंय. खरी साइट तासाभरात चढवतो."

"सावकाश चढवा..." ती म्हणाली, आणि लाजून सुईत दोरा ओवू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. ताई!

"अगं बये! हे काय वाचतेय मी? आणि मला पत्ता नाही?"

"काय वाचतेयस?"

"तुझ्या वेबसाइटवर! मी नाही सांगणार, तूच वाच!" ताईने फोन आपटला.

लगेच दुसरा फोन. अस्वल दुरुस्तीला टाकलेल्या काकूंचा. "अभिनंदन हं! मुलगा धीट दिसतो."

तिने फोनवर घाईघाईने साइट उघडली, तर तेच जुनं पान, तीच खेळणी. पुन्हा उघडली. तेच!

"अहो, लोक काय बघताहेत? मला तर जुनंच दिसतंय!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "इतक्या लवकर? शक्यच नाही..." तो लॅपटॉपवर झेपावला. तिने त्याच्या आधी झाकण लावून वर हात ठेवला.

"काय लिहिलंय तिथे?"

"चाचणी म्हणून... एरवी मी नुसतं 'चाचणी' एवढंच लिहितो. वाटलं, तासभर कोण बघणार —"

"अख्ख्या गावाने बघितलं! मी सोडून! तोंडाने सांगा."

तो कानापर्यंत लाल झाला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लिहिलंय की... हे काम संपू नये असं मला वाटतं. या दुकानात रोज यायला निमित्त लागू नये. आणि... मला ही मुलगी फार आवडते."

तिला धक्काच बसला. महिनाभर आपण जे गिळत होतो, ते यानेही गिळलं होतं? सुई बोटात टोचली तरी तिला कळलं नाही. डोळे मात्र भरून आले.

"मी आत्ता पुसतो," तो घाबरून म्हणाला.

"खबरदार, हात लावलास तर!"

तो बघतच राहिला. 'अहो' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नव्हतं.

पुन्हा फोन. ताईच. "काय गं, हो म्हणालीस की नाही?"

ती त्याच्या डोळ्यांत बघत हसली.

"म्हणतेय ना, ताई... तू फोन ठेवलास तर!"