ओढ्याच्या अलीकडे

“होकायंत्र छातीशी धर, नजर सरळ, आणि घाई नको,” प्रशिक्षक बाई सांगायच्या. ताईने तसंच धरलं होतं. धुक्यात पुढची लांबुडी आणि मागची चष्मीस नुसत्या सावल्या झाल्या होत्या. वयाने मोठी म्हणून दोघींनी तिला ताई केलं, आणि पुढारीपणही तिच्याच गळ्यात पडलं.

युवा पदकाची ही शेवटची परीक्षा. कुणाच्याही मदतीशिवाय डोंगर पार करायचा. पोहणं झालं, वृद्धाश्रमातली सेवा झाली, सुतारकामही शिकून झालं. पुढच्या वर्षी पदकासाठीची तिची वयोमर्यादा उलटणार होती. “अर्धवट सोडायची तुझी सवयच,” म्हणणाऱ्या बाबांना एकदा तरी गप्प करायचं होतं.

वाट फुटत होती तिथे तो उभा होता, दंडावर परीक्षकाची पट्टी बांधून. काल अशाच धुक्यात ती थेट त्याच्यावर आदळली होती, तरी तो अवाक्षर बोलला नव्हता. तेव्हापासून लांबुडी त्याला मौनीबाबा म्हणायची.

“आजही बोलायचं नाही वाटतं?” ताईने विचारलं.

“वाटेबद्दल नाही. बाकी काहीही.”

“मग बाकी बोला ना.”

“तुमच्या नाकाला चिखल लागलाय.”

लांबुडी फिस्सकन हसली. ताईने बाहीने नाक पुसलं, तर चिखल गालावर गेला. तो हसला नाही. पण नजर मात्र… तिथेच रेंगाळली.

गडबडून तिने होकायंत्र पुन्हा छातीशी धरलं. अडीअडचणीसाठी दिलेला मोहरबंद फोन गळ्यात लोंबत होता. सुई स्थिरावली. “डावीकडे!”

उतार लागला. खाली कुठेतरी पाणी खळाळत होतं.

“थांबा!”

तो धावत आला होता. चेहरा पांढराफटक. “तो… फोन.”

तिने फोन पाठीमागे सारला. सुई गर्रकन फिरली; फोनमधल्या चुंबकाने इतका वेळ तिला भुलवलं होतं. पुढाऱ्याने मदत घेतली, तर पदक पुढाऱ्याचं जातं. इतरांचं राहतं. नियम सगळ्यांना पाठ होता.

“ताई, कुणी काही ऐकलं नाही,” लांबुडी म्हणाली. “हो ना गं?” चष्मीसने जोरात मान हलवली.

“मीही काही लिहीत नाही,” तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“सगळ्यांनाच असं थांबवता?”

“नाही. ओढ्यापर्यंत वाट बघतो. पाणी दिसलं की लोक नकाशा काढतात… आपापलं सावरतात.”

“मग मीच काय केलं होतं?”

“तुम्ही धुक्यात दिसेनाशा झालात, आणि… धीर धरवेना. दुसरं कुणी असतं, तर धरवला असता.”

तिला चिडायचं होतं. कान मात्र तापले. इतकं गोड बोलून कुणी कुणाचं पदक घालवलं नसेल!

“लिहिलं नाहीत, तर उद्या तुमच्याकडे बघायची मला चोरी होईल,” ती हळूच म्हणाली. “आणि मला… बघायचंय.”

आता त्याचे कान लाल झाले.

“मुख्य परीक्षकांना मीच सांगेन. आजच. शब्द देते.”

“बरोबर येऊ?”

“मागून या. पण वाटेबद्दल चकार शब्द काढायचा नाही!”

पुढची वाट तिने एकदाही चुकवली नाही. छावणीत पोचताच लांबुडी तंबू उभारायला दोऱ्या सोडवू लागली.

“ताई, घोटभर चहा तरी घेऊन जा,” चष्मीस रडवेली होऊन म्हणाली.

“आल्यावर,” ताई म्हणाली. पाठीवरचं ओझं उतरवून, बूट पायात तसेच ठेवून, ती मुख्य परीक्षकांच्या तंबूकडे चालू लागली.