हायाशीबाईंचा काळा डबा

अनिश, फोन उलटा ठेव. रुचा, तूही जवळ ये. ही उन्मेषची गोष्ट. हॅमिल्टनला आम्ही एकाच प्लांटमध्ये होतो.

दोन हजार तेवीस, फेब्रुवारीची नऊ तारीख, गुरुवार. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये एक डबा पोचवायचा, एवढंच काम होतं.

तो हायाशीबाईंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचा. ऐंशीच्या पुढची जपानी बाई, नवरा केन्जी जाऊन नऊ वर्षं झालेली. आठवडाभर ॲडमिट होत्या. फोनवर म्हणाल्या, "किचनच्या कपाटात माझा नात्सुमे आहे. काळा, लाखेचा. घुसळून करतात त्या हिरव्या चहाची पूड आहे त्यात. तसाच घेऊन ये."

तसाच! पण आपला माणूस ऐकतोय कशाला? उघडून बघितलं, पूड पिवळी पडलेली, जुनाट वास. आजारी बाईला असलं द्यायचं? ओतली सिंकमध्ये. डबा साबणाने खसाखसा घासला. आणि रिकामा डबा हातात कसा द्यायचा, म्हणून त्यात साखर भरली. आईने लावलेलं वळण. मला त्याचा अजून राग येतो. आणि खरं सांगू? मीही हेच केलं असतं.

बाईंनी झाकण उघडलं. बोटाने साखर चाळवली. मग म्हणाल्या, "केन्जीने भरला होता. गेला त्या सकाळी. मी कधी उघडला नाही. जायच्या आधी एकदा त्याच्या हातचा चहा प्यायचा होता."

उन्मेष सॉरी सॉरी म्हणत राहिला. त्या म्हणाल्या, "तू चांगला मुलगा आहेस. डबा घरी नेऊन ठेव." रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने घरी येऊन डबा कपाटात ठेवला आणि खाली जाऊन पडला. बाहेर उणे अठरा. झोप कसली येतेय! बारा वाजून दहा मिनिटांनी वरून आवाज आला. ताक घुसळल्यासारखा. हलका. भराभर...

काय म्हणालीस, रुचा? "घरात रॅकून शिरला असेल, काका"? असू दे. रॅकून हसतो का?

कारण तो जिना चढला, तर किचनमध्ये कोणीतरी हसत होतं. हायाशीबाईंचं हसणं. त्याने ओळखलं.

मग एक पुरुष खाकरला.

उन्मेषने दाराला हात लावला. घुसळणं थांबलं. हसणंही.

खिशात फोन वाजला. हॉस्पिटल. "वुई आर सो सॉरी. शी पास्ड ॲट मिडनाइट."

...

दार ढकललं. कोणी नाही.

टेबलावर तीन वाडगे. दोन पिऊन ठेवलेले, तळाशी फेस. तिसरा दाराकडे सरकवलेला. भरलेला. चहा हिरवागार, ताजा... वाफ येत होती.

हो अनिश, पूड त्याने ओतून दिली होती. मला ठाऊक आहे.

प्यायला का? नाही. बाईंनी त्याच्यासाठी ठेवलेला चहा, आणि तो घाबरला. सिंकमध्ये ओतला. दुसऱ्यांदा.

वाडगा त्याच्याकडेच आहे. गेल्या विंटरमध्ये मी त्याच्या घरी गेलो होतो. उघड्या शेल्फवर, गार खिडकीपाशी होता. मी उचलला.

रिकामा होता... आणि गरम.